दोन-दोनच्या मापाचं पिस्तूल

कालिंदीबाई मान्यांच्या बांगडीचं माप दोन-दोन. दुकानात हे माप शाळकरी पोरींच्या फळीवर असतं. एक्कावन्न वर्षांच्या बाईनं तिथं वाकायचं, चमकी लावलेल्या गुलाबी बांगड्या बाजूला सारायच्या आणि त्यातून आपल्याला शोभेल असं काही निघतंय का बघायचं. वर दुकानदार विचारणार, "नातीसाठी का?" नवरा गेल्यावर "आता बांगड्या कशाला?" म्हणणाऱ्यांना त्यांनी एकदाच उत्तर दिलं होतं आणि ते छापण्यासारखं नाही.

याच हातांनी त्यांनी बत्तीस वर्षं बऊबाजारातल्या दुकानात सोनं वितळवायची तापलेली मूस उचलली. धंदा गलाईचा. लोकांचे मोडीचे दागिने आणि कारागिरांच्या पाटावरचा कीस वितळवायचा, त्यातलं खोटं काढून टाकायचं आणि चोख सोन्याची लगड करून द्यायची. सासऱ्यांनी हा धंदा सांगलीकडच्या कोरड्या गावातून कोलकात्याला आणला, आणि त्याबरोबर एक कसाही आणला. म्हणजे कमरेला आतून बांधायची खादीची लांबट पिशवी. लगड त्या कशात घालायची आणि टंच काढणाऱ्याकडे, म्हणजे सोन्याचा कस तपासणाऱ्याकडे, पायी न्यायची. सासऱ्यांच्या कमरेवरून तो कसा नवऱ्याच्या कमरेला आला आणि सहा वर्षांपूर्वी कालिंदीबाईंच्या. ज्याच्या कमरेला कसा, त्याचं दुकान. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही, त्यामुळे ते मोडायला वकीलही चालत नाही.

झालं ते एवढंच. मार्गशीर्षातल्या एका दुपारी सियालदहच्या बाजूला मोटारसायकलवरून दोघं आले आणि कालिंदीबाईंच्या खांद्यावरची पिशवी हिसकून गेले. पिशवीत दोन भाकऱ्या, ठेचा आणि जवळचं वाचायचा चष्मा होता. लगड कमरेला जिथल्या तिथं होती. ठेचा खानापुरी मिरचीचा होता. नुकसान कोणाचं झालं ते उघड आहे.

पण श्यामराव पेटले. श्यामराव म्हणजे धाकटे दीर. दुकानात त्यांचं काम बसायचं. सकाळी पेपर घेऊन बसायचे, दुपारी पेपर तोंडावर घेऊन. त्यांनी रविवारी घरात बैठक बोलावली.

"वहिनी, आज पिशवी गेली. उद्या लगड जाईल, परवा तुम्ही जाल."

"परवा मी टंचवाल्याकडं जाणारच आहे."

"चेष्टा नको. बाईमाणसानं कमरेला सोनं बांधून हिंडायचे दिवस आहेत का हे?"

"मग तुमच्या कमरेला बांधायचे आलेत का?"

सासूबाई, पुष्पाबाई, वय चौऱ्याऐंशी, जपाची माळ थांबवून म्हणाल्या, "भांडू नका. काहीतरी बंदोबस्त करा म्हणजे झालं."

"तेच म्हणतो मी," श्यामराव म्हणाले. "दसऱ्यापर्यंत बंदोबस्त करा. नाहीतर दसऱ्याच्या मुहूर्तावर कसा माझ्याकडं द्या."

"बंदोबस्त म्हणजे काय करू?"

"शस्त्र ठेवा जवळ. पिस्तूल." मग त्यांनी वहिनींच्या हातांकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. "धरता येईल असलं मिळालं तर."

तेवढं हसले नसते तर ही गोष्ट झाली नसती. कालिंदीबाईंना पिस्तुलाची हौस नव्हती. त्यांना फटाक्यांचाही कंटाळा होता. पण दुसऱ्या दिवशी त्या परवान्याचा अर्ज घेऊन आल्या.

परवान्याचं सगळं सांगत बसलो तर दसरा इथंच उजाडेल. अर्ज, त्याच्या प्रती, प्रतींच्या प्रती. हात चालतात याचा डॉक्टरचा दाखला, डोकं चालतं याचा दुसऱ्या डॉक्टरचा. शिवाय हत्यार हाताळायला शिकल्याचा दाखला. त्यासाठी त्या आठ रविवार पहाटे उठून शिकायला गेल्या आणि कॉलेजातल्या पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. मग ठाण्याचा माणूस चौकशीला आला. ठाण्यात मोठ्या साहेबाला बडोबाबू म्हणतात आणि त्याच्या खालच्याला मेजोबाबू. आले ते मेजोबाबू. पोट पुढे, छत्री मागे.

"आपल्या जिवावर कोण उठलंय?" त्यांनी बंगालीत विचारलं.

"दीर," कालिंदीबाई म्हणाल्या.

मेजोबाबूंनी ते लिहिलं नाही. त्याऐवजी ते तळमजल्यावर घोषालबाबूंकडे शेजारधर्माची साक्ष घ्यायला गेले. घोषालबाबू निवृत्त प्राध्यापक, विषय रसायनशास्त्र. त्यांनी कालिंदीबाईंच्या चारित्र्याबद्दल एक वाक्य सांगितलं आणि बारुदाच्या घटकांबद्दल चाळीस मिनिटं. मेजोबाबू बाहेर आले तेव्हा गुन्हेगारच पोलिसांच्या तावडीतून सुटल्यासारखे दिसत होते.

परवाना येईपर्यंत ज्याला त्याला सल्ला सुचत होता. बँकेतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून तीन वर्षांसाठी इथं आलेल्या आणि तीन वर्षं "आमच्याकडं असं नसतं" म्हणत काढणाऱ्या वृंदा काळे यांनी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगितलं, "मी तर म्हणते पर्समध्ये ठेवावं. कोणाला कळत नाही."

"वृंदाताई, चोरांनी पर्सच नेली होती," कालिंदीबाई म्हणाल्या.

"हो का? मग दुसरी घ्या ना चांगली."

घोषालबाबूंचा सल्ला होता की पिस्तुलापेक्षा अमोनियाची कुपी बरी. घोषालबाबूंच्या बायकोचा सल्ला होता की घोषालबाबूंचं ऐकू नये. मुलगी नूपुर न्यू टाउनमध्ये संगणकाच्या कंपनीत कामाला. तिचं मराठी इथल्या मुलांसारखं, धावत्या ट्रामवर चढावं तसं. तिनं फोनवर अमेरिकेतलं एक पानच्या पान शोधून काढलं. लहान हातांच्या माणसांनी लपवून बाळगायचं सोयीचं पिस्तूल कसं निवडावं.

"आई, इथं सगळं लिहिलंय. मुठीचा घेर बघायचा. बोटाचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे. फक्त टोक पोचलं तर नको. वजन बघायचं, जाडी बघायची. आणि जीन्सच्या आत, इथं, कमरेला लावायचं."

"कुणाच्या जीन्सच्या?"

नूपुरनं पान वरखाली केलं. त्या पानावर एकवीस पिस्तुलं होती, एकवीसही इथं मिळत नव्हती आणि नऊवारी किंवा सहावारीबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्यांनी ते पान लिहिलं त्यांच्या जगात बाईला दोन पाय असतात आणि दोन खिसे. इथं पाच निऱ्या असतात. हा फरक त्यांना कोण सांगणार?

परवाना भाद्रपदात आला. दसऱ्याला तीन आठवडे उरले होते.

एस्प्लनेडजवळ एक जुनं बंदुकीचं दुकान आहे. भिंतीवर हरणाचं मुंडकं, त्याचा एक डोळा पडलेला. गल्ल्यावर सान्यालबाबू, वय हरणाएवढं. कालिंदीबाई नूपुरला घेऊन गेल्या, आणि पुरुषमाणूस बरोबर हवा म्हणून श्यामराव आपण होऊन आले.

पहिलं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं तेव्हा बाईनं ते धरलंय की त्यानं बाईला धरलंय हे कळत नव्हतं. दुसऱ्याला मागं ओढायचा खटका होता आणि तो ओढायला त्यांना गुडघा लावावा लागला. मग सान्यालबाबूंनी अदबीनं एक डबी काढली. आत तांबडी मखमल. "हे खास महिलांसाठी," ते म्हणाले. कालिंदीबाईंनी उचललं. हलकं होतं, दिसायला सुबक होतं, आणि बोट चापाला पोचत नव्हतं. कारखान्यातल्या पुरुषांनी बाईचा विचार केला होता तो मखमलीपर्यंत. तिच्या हाताचं माप घ्यायला कोणी गेलं नव्हतं.

"हात छोटा आहे," सान्यालबाबू वाईट वाटल्यासारखे म्हणाले.

"हात माझा आहे," कालिंदीबाई म्हणाल्या. "छोटं-मोठं तुमच्या मालाचं बघा."

सान्यालबाबू आत गेले आणि बऱ्याच वेळानं कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. चहाच्या मळ्यावरच्या एका मॅनेजरच्या विधवेनं विकायला ठेवलेलं जुनं रिव्हॉल्व्हर. लाकडी मूठ कोणीतरी हातानं घासून बारीक केली होती. कानशीचे ओरखडे अजून दिसत होते. कालिंदीबाईंनी ते धरलं. पहिलं पेर बरोबर चापावर आलं. त्यांना त्या न बघितलेल्या बाईबद्दल एकदम माया वाटली. तीही कधीतरी अशीच एखाद्या दुकानात उभी राहिली असणार, आणि घरी येऊन कानस घेऊन बसली असणार.

"पण ह्याचा चाप फार कडक आहे," सान्यालबाबू म्हणाले. "बायकांना नाही ओढता येत."

रिकामंच होतं ते. कालिंदीबाईंनी भिंतीकडे तोंड करून सहा वेळा ओढलं. चुलीवरची मूस बत्तीस वर्षं चिमट्यात दाबून धरणाऱ्या बाईला हे काय सांगायचं! सातव्या वेळी सान्यालबाबूंनी हरणाच्या दुसऱ्या डोळ्याची काळजी वाटून हात वर केला.

"बघू इकडं," श्यामराव म्हणाले.

श्यामरावांच्या तर्जनीत भरभराटीसाठी घातलेल्या पुष्कराजाची जाड अंगठी होती. भरभराट वहिनी करत होत्या, अंगठी ते घालत होते. त्यांनी बोट चापाच्या कडीत घातलं. जोर लावला. चाप हलला नाही. आणखी जोर लावला तेव्हा अंगठी कडीतून पलीकडे गेली आणि मग परत येईना.

आधी ते हसले. मग त्यांनी बोट फिरवलं. मग ते हसायचे थांबले. बोट फुगायला लागलं. साबण झाला, खोबरेल तेल झालं, समोरच्या दुकानातून बर्फ आला. दारात गर्दी जमली आणि गर्दीतल्या प्रत्येकाच्या मामाला असंच झालेलं होतं.

"चला, दवाखान्यात जाऊ," श्यामराव कळवळून म्हणाले.

"जाता येणार नाही," सान्यालबाबू शांतपणे म्हणाले. "परवाना बौदींच्या, म्हणजे तुमच्या वहिनींच्या नावावर आहे. तुम्ही हे हत्यार हातात घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंत तर बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल तुम्हाला अटक होईल."

"मग मी काय इथंच राहू?"

"हरीण राहिलंय."

शेवटी कालिंदीबाईंनी पिशवीतून बारीक करवत काढली. मोड घेणाऱ्या बाईच्या पिशवीत ती असतेच. दिराचा हात काउंटरवर ठेवला, चष्मा लावला आणि तीन मिनिटांत अंगठी कापली. बोट सुटलं. तुकडे त्यांनी सवयीनं उजेडात धरले, कसोटीवर एक रेघ ओढली.

"भावजी, अठराचं आहे. तुम्ही बावीसचं म्हणून मिरवत होता."

श्यामरावांनी तुकडे रुमालात बांधले.

आता हत्यार लपवायचं कुठं? कमरेच्या कशात ठेवलं तर लगडीवर आपटून वाजायचं, आणि बसमध्ये पोटापाशी असा उंचवटा यायचा की एका बाईनं उठून जागा दिली आणि हळूच विचारलं, "कितवा?" एक्कावन्नाव्या वर्षी! कालिंदीबाई जागेवर बसल्या. गर्दीत मिळालेली जागा सोडायला त्या काही तेवढ्या चिडल्या नव्हत्या. मग त्यांनी शिंप्याकडून परकराला उजव्या बाजूनं जाड कापडाचा खिसा लावून घेतला. तो बसला छान. चालताना टोचेना, बसताना रुतेना, वरून दिसेना. फक्त बाहेर काढायला किती वेळ लागतो ते नूपुरनं फोनवर मोजलं. पदर, निरी, नाडी, खिसा. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

"आई, तेवढ्यात चोर चहा पिऊन जाईल."

"जाऊ दे. ठेचा नाही ना खाणार?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, मान्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते. आजवर पाटावर चिमटा, मूस, काटा आणि कानस असायची. गलाईवाल्याची हत्यारं ती. या वर्षी पहिल्यांदाच मधोमध खरंखुरं शस्त्र आलं. पुष्पाबाईंच्या अंगात उत्साह संचारला. कालिंदीबाई नैवेद्याच्या पुरणाकडे होत्या. पुष्पाबाईंनी चौऱ्याऐंशी वर्षांची सगळी भक्ती त्या रिव्हॉल्व्हरवर ओतली. चिमट्याला नुसतं बोट लावून भागतं. याला भोकं होती, आणि भोकं बघितल्यावर त्यांना वाटलं की देवाचं काहीही राहून जायला नको. पंचामृताचं स्नान घातलं. प्रत्येक भोकात चिमूट चिमूट हळद-कुंकू घातलं. नळीत कुंकू जरा जास्त, कारण ते तोंड. वर अक्षता.

कालिंदीबाईंनी ते बघितलं तेव्हा मधावर कुंकू बसलं होतं आणि आत वाळलंही होतं.

"आत्याबाई! हे काय केलंत?"

"पूजा. चिमट्याची करते तशीच केली की!"

बाहेरचं पुसून निघालं, आतलं निघालं नाही. दसऱ्याला कालिंदीबाईंनी मुदत पाळली. सगळ्यांसमोर खिशात शस्त्र, कमरेला कसा. श्यामरावांनी आपट्याची पानं दिली आणि बोटावरच्या चट्ट्याकडे बघत मान खाली घातली. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण नवीन घेतलेलं हत्यार ठाण्यात दाखवून परवान्यावर नोंद करून घ्यायची असते, आणि सणाच्या सुट्ट्या संपल्यावर कालिंदीबाई ते दाखवायला गेल्या.

मेजोबाबूंनी रिव्हॉल्व्हर उघडलं. नळीत टॉर्च मारला. बराच वेळ बघितलं. मग बडोबाबूंना बोलावलं. त्यांनीही बघितलं.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"नळीच्या आत?"

"पूजा होती."

"आणि हे चिकट?"

"मध. थोडं दही पण असेल."

बडोबाबूंनी खुर्ची ओढून घेतली. "बौदी, मी एकवीस वर्षं नोकरीत आहे. हत्यारात लाल, चिकट, वाळलेलं काही सापडलं तर मी काय समजायचं? आणि ह्या पांढऱ्या कण्या?"

"तांदूळ."

हत्यार तपासणीला ठेवून घेतलं. कालिंदीबाईंना पावती मिळाली. चार बोटं रुंद, शिक्का उलटा मारलेला. तपासणीचा अहवाल कधी येईल विचारलं तर मेजोबाबू म्हणाले, "येईल." मेजोबाबूंचं ते सगळ्यात मोठं उत्तर होतं.

ठाण्याच्या पायऱ्यांवर कालिंदीबाई थांबल्या. दसरा होऊन आठवडा झाला नव्हता. घरी जाऊन सांगायचं, की बंदोबस्त ठाण्यात आहे आणि त्यात दही आहे? श्यामराव त्याच संध्याकाळी कसा मागतील, आणि मागायचा त्यांना हक्क आहे, कारण अट त्यांची आणि ती मान्य केली आपण. बत्तीस वर्षं चटके खाल्ले ते हे द्यायला? कालिंदीबाईंनी पावती घडी करून परकराच्या खिशात घातली. वरून बघितलं. काहीच दिसत नव्हतं. तसं रिव्हॉल्व्हर होतं तेव्हाही दिसत नव्हतं.

त्यांनी घरी काही सांगितलं नाही. फक्त नूपुरला सांगितलं, आणि ती रस्त्यात उभी राहून इतकी हसली की लोक बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी लगड घेऊन निघाल्या तर श्यामराव जोडे घालून बरोबर निघाले. एकट्या नको म्हणाले. चालताना उजव्या बाजूला आले.

"भावजी, त्या बाजूला ते आहे."

श्यामराव टुणकन डावीकडे गेले. त्यांना बोट आठवलं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष, पौष, माघ गेला. रोज कालिंदीबाई मधून आणि श्यामराव डावीकडून. बऊबाजारात बातमी पसरली होती, की माने वहिनी हत्यार बाळगते आणि दिराचंसुद्धा बोट तिनं कापता कापता ठेवलं. गर्दी आपोआप थोडी बाजूला व्हायची. खिशातली पावती मऊ होत गेली.

अहवाल फाल्गुनात आला. कालिंदीबाईंनी तो गुपचूप तळमजल्यावर नेला. घोषालबाबूंनी चष्मा काढून वाचला आणि त्यांना परमानंद झाला. "हळद आणि चुना! बघा, कुंकू म्हणजे दुसरं काय? शिवाय शर्करायुक्त पदार्थ, दुग्धजन्य पदार्थ. मला विचारलं असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं!" खाली लिहिलं होतं, मानवी रक्त आढळले नाही. कालिंदीबाई हत्यार सोडवून आणायला दुसऱ्या दिवशी जाणार होत्या.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच श्यामराव पेपर फडकवत वर आले. पाच महिन्यांत इतके खूश ते दिसले नव्हते.

"वहिनी! निवडणूक लागली! परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करायची. ही बघा बातमी. निकाल लागेपर्यंत काही मिळणार नाहीत." ते खुर्चीवर बसले आणि आवाज मऊ केला. "मी काय म्हणतो, आता बंदोबस्तच राहणार नाही, तर कसा तेवढ्यापुरता माझ्याकडं—"

"आमचं जमाच आहे," कालिंदीबाई म्हणाल्या.

"आजच? इतक्या लवकर?"

"दसऱ्यानंतरच्या आठवड्यात."

श्यामरावांनी बोटांवर मोजलं. कार्तिकापासून. एकदा मोजून विश्वास बसेना म्हणून चट्ट्याच्या बोटापासून परत मोजलं. "म्हणजे मी रोज तुमच्या डाव्या बाजूनं..."

"छान चालत होता."

"आणि उजव्या बाजूला काय होतं?"

कालिंदीबाईंनी पावती काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. मेजोबाबूंची सही, उलटा शिक्का. पुष्पाबाईंची माळ थांबली.

"मग पोरी, बंदोबस्त नव्हताच की!"

"नव्हता, आत्याबाई. पाच महिने नव्हता. आणि एक गुंज सोनं इकडचं तिकडं झालं नाही. आता भावजींनी सांगावं, कसा कुणी बांधायचा ते."

श्यामरावांनी पेपर उचलला. उघडला. उलटा धरला होता.

कालिंदीबाईंनी पावतीच्या परत चार घड्या घातल्या आणि मूठ मिटली. ना टोचत होती, ना जड होती. दोन-दोनच्या मुठीत पूर्ण मावली, बाहेर एक कोपराही राहिला नाही. ती त्यांनी खिशात घातली, कसा बांधला, लगड आत सरकवली आणि चपला घातल्या.

"येते टंचवाल्याकडं जाऊन."

श्यामराव पेपर ठेवून उठले आणि सवयीनं त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.